दुसरी सुई बसेल, पण दुसरं शटल?

दुहेरी शिवणीबद्दल पुण्यातल्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले काही आज एकदम घेतो.

भोसरीत माझं सोफ्याचं छोटं वर्कशॉप आहे. एका सुईचं वॉकिंग फूट मशीन आहे, म्हणजे कापड दाबणारा फूटही कापडाबरोबर पुढे सरकतो. गिऱ्हाइकांना हल्ली गाडीच्या सीटवर असते तशी समांतर दुहेरी शिवण हवी असते. याच मशीनला दुसरी सुई बसवून मिळेल का?

सुई बसवून देणारा मिळेल. दोन सुयांचा होल्डर कोणीही लेथवाला करून देईल. खरी अडचण प्लेटच्या खाली आहे. सुई वर यायला लागली की धाग्याचा छोटा फास सुटतो, तो शटलचं, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं, टोक उचलतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. तेव्हा कुठे टाका पडतो. दुसरी सुई म्हणजे दुसरं शटल, दुसरी बॉबिन, ते फिरवणारे गिअर आणि वर धागा ताणून धरणारं दुसरं टेन्शन. तुमच्या मशीनच्या पोटात त्याला जागाच नाही. सिंगरचं 111 डब्ल्यू एका सुईचं आणि 112 डब्ल्यू दोन सुयांचं. जुकीचं 1541 एका सुईचं आणि 1560 दोन सुयांचं. ही मशीनं मुळातच वेगळी बांधलेली आहेत. असल्या रूपांतरावर पैसे घालवू नका.

त्याऐवजी तीच शिवण दोन फेऱ्यांत घाला. उलट बाजूने जोड शिवा, दोन्हीकडे 12 मिलिमीटर माया (शिवणीबाहेरचं कापड) ठेवा, माया उघडून बोटाने दाबा आणि खाली मजबूत कापडी पट्टी द्या. मग मधे पातं असलेला गाइड फूट लावा. पातं जोडाच्या खाचेत धावतं, सुई त्याच्या एका बाजूला ठरावीक अंतरावर पडते. डावी ओळ झाली की दुसऱ्या बाजूच्या फूटने उजवी. दोन्ही ओळी एकाच टोकापासून सुरू करायच्या. एक खालून वर आणि दुसरी वरून खाली घातलीत तर रेक्झिनला तिरक्या सुरकुत्या पडतात, आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. महिन्याला पाच-सात सोफे असतील तर एवढं पुरतं. रोज सीट कव्हरं काढायची असतील तरच दोन सुयांचं मशीन बघा.

मी कोथरूडला घरीच कुशन कव्हरं शिवते. घरगुती मशीनची जोडसुई जाड कापडाला चालेल का?

पडद्याच्या किंवा सुती कापडाला चालेल, सोफ्याच्या कापडाला नाही. तिथे दोन सुयांना मिळून एकच बॉबिन असते, त्यामुळे खालचा धागा नागमोडी जातो. जाड कापडात तो ताणला जाऊन दोन ओळींच्या मधे वळ उठतो, आणि बसण्याचा जोर आला की तोच आधी तुटतो.

हडपसरला एका बंद झालेल्या गारमेंट युनिटमधून जीन्सचं डबल सुई मशीन स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

नका घेऊ. त्यात दाते (प्लेटमधून वर येणारी दातेरी पट्टी) आणि सुई कापड पुढे नेतात, फूट मात्र जागेवरच असतो. रेक्झिन त्या फूटला चिकटतं आणि वरचा थर मागे राहतो. डेनिम जाड असलं तरी दबलेलं असतं. फोम फुगतो, फूट तेवढा उचललाच जात नाही. कोणतंही जुनं मशीन बघायला जाताना आपल्या कामाचा फोमसकट तुकडा खिशात न्या आणि जाड जोडावरून शिवून बघा. विकणाऱ्याने दिलेल्या चिंधीवर सगळीच मशीनं छान चालतात.

नाना पेठेत सीट कव्हरचं दुकान आहे. दोन सुयांचं वॉकिंग फूट मशीन आहे. पाव इंचाचा सेट काढून मेकॅनिकने तीन अष्टमांशचा टाकला, तेव्हापासून डावी सुई टाके सोडते.

सेट म्हणजे सुई होल्डर, आतला-बाहेरचा फूट, प्लेट आणि दाते. हे सगळं बदललं तरी काम अर्धंच होतं. सुयांमधलं अंतर 6.4 वरून 9.5 मिलिमीटर झालं, तेव्हा दोन्ही शटलंही मिळून तेवढीच बाहेर सरकायला हवीत. तुमच्याकडे डावं शटल नीट सरकलेलं नसावं.

पण आधी सुया बघा. या मशीनवर दोन्ही सुयांच्या लांब खोबणी एकमेकींकडे तोंड करून असतात. एका सुईच्या मशीनवर हात बसलेले कारागीर दोन्ही एकाच दिशेने लावतात, मग एक बाजू टाके सोडतेच. सुया बरोबर असतील तर मोटर बंद करून प्लेट काढा आणि चाकी हाताने फिरवा. सुई तळाला जाऊन दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या मधोमध, भोकाच्या थोडं वर यायला हवं. दोघांत पातळ कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. टोक सुईला घासत असेल तर मशीन चालवू नका, टोक बोथट झालं की शटलच बदलावं लागतं. शटल सरकवल्यावर बॉबिन केस मागे ओढणारा लिव्हरही जुळवून घ्यायला सांगा. तो राहिला की धागा वर गच्च अडकतो.

कोपऱ्यावर दोन्ही ओळी सुबक कशा वळवायच्या?

साध्या डबल सुईवर वळत नाहीत. एक सुई थांबवता येणारी मशीनं वेगळी मिळतात. सौम्य गोलाई जमते, तिथे बाहेरचे टाके लांब आणि आतले आखूड दिसणारच. काटकोन असेल तर पॅटर्नच असा कापा की दुहेरी शिवण आडव्या जोडात जाऊन संपेल.

धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा? सुई किती नंबरची?

उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला बाँडेड, म्हणजे पदर सुटू नयेत म्हणून लेप दिलेला, पॉलिस्टर. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हाने लवकर कुजतो. टेक्स हे धाग्याच्या जाडीचं माप. टेक्स 90 ला 110 ते 120 ची सुई आणि टेक्स 135 ला 140 ची. घरात नायलॉनचं रीळ पडून असेल तर ते आतल्या जोडशिवणीला वापरून टाका.