आधी लोकांची यादी करा

“मॅडम, आमची काही हरकत नाही हो, पण लोकांना काय सांगायचं?” ठाण्यातल्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरचा ‘पण’वर आला की पुढचं मला आपसूक कळतं. कुणाच्या मुलाला इंजिनिअरिंग सोडायचंय, कुणाच्या सुनेला मूल नकोय. त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले काका. मुलगी ऐरोलीला आयटीत. तिला १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करायचं होतं. महिनाभर आधी नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं. काकांची झोप उडाली. “हॉल नाही, पंगत नाही. लोक म्हणतील, काहीतरी लपवतायत.”

मी वाद घालत बसत नाही. कागद पुढे केला. “लोक म्हणजे कोण? नावं लिहा.”

चार नावांवर पेन अडलं. इथे बहुतेक जण हसतात आणि हलके होतात. काका हसले नाहीत. पुढच्या भेटीला त्यांनी पिशवीतून कापडी बांधणीची एक वही काढली. आहेराची, स्वतःच्या लग्नापासूनची. नाव, गाव, रक्कम. सुरुवातीला ११, २१, मग १०१, मध्येच ‘स्टीलचा डबा, झाकणासह’. ज्याच्या घरच्या कार्यात परतफेड झाली, त्याच्यापुढे बारीक टिक.

“मॅडम, हे काय बोलतील याची भीती नाही. यांच्याकडे मी जेवलोय.”

चारचौघांसारखं वागणाऱ्याला आपण फार पटकन भित्रा ठरवतो. काकांना टोचत होतं ते देणं. आणि देणं फेडायला हॉलच लागतो असं कुठे आहे?

मुलीला बोलावलं. ती तयारीनेच आली होती. “माझं आयुष्य, माझा निर्णय.” मान्य. तिलाही कागद दिला. “समज, तू शालू नेसून हॉलमध्ये उभी राहिलीस. कोण काय म्हणेल?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “ऑफिसचा ग्रुप. असल्या खर्चाची आम्ही सगळे टिंगल करतो.”

काका तिच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे तुझेही लोक आहेत की!”

माझ्या ओठावरचं वाक्य ते बोलून गेले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेला प्रयोग मी पालकांना आवर्जून सांगते. समान लांबीची रेघ ओळखायची, एवढंच काम. पण आधी उत्तर देणारे सगळे ठरवून चुकीचं सांगतात. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं घोळक्यामागे गेली. त्या घोळक्यात एकच जण बरोबर बोलू लागला, तेव्हा दबाव पावपट उरला. म्हणून वेगळं वागू पाहणाऱ्याला मी धीटपणाचे धडे देत नाही, घरातलाच एक सोबती शोधायला लावते. आणि रूढी पाळणाऱ्याला विचारते, यादीतले चौघे उद्या म्हणाले ‘तुम्हाला हवं तसं करा’, तरी हेच कराल का? उत्तर हो असेल तर खुशाल हॉल बुक करा, ती तुमचीच इच्छा आहे.

लग्न रजिस्टर झालं, साक्षीदारांत एक सही काकांची. नंतर वहीतल्या मंडळींना कोपरीत साधं जेवण, आहेर न घेता. काकांची बहीण मात्र रुसून आली नाही. काका पुन्हा माझ्यासमोर. हट्टी विचार सोडायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, मी त्यांच्या वाटेने जाणारी. म्हटलं, “वाईट वाटणारच, वाटू द्या. सगळ्यांनी खूश असलंच पाहिजे हा हट्ट तेवढा सोडा. आणि राखीपौर्णिमेला नेहमीसारखे त्यांच्याकडे जा.”