जळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं राष्ट्रीय उद्यान कोणतं?

पाटणादेवीला जा, रात्री जेवायला घरी परताल. चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे साधारण १८ किलोमीटर रिक्षा किंवा गाडी. मी दर श्रावणात जातो: हेमाडपंती देऊळ, भोवती डोंगरांचा गराडा, कड्यांवरून पाणी, आणि सागाच्या ओल्या पानांवर पाय घसरतोच, म्हणून चप्पल नको, बूट घाला. डबा घरूनच न्या. कळण्याची भाकरी न् ठेचा झकास. फक्त एक, हे राष्ट्रीय उद्यान नाही, गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे (१९८६ पासून). खरं राष्ट्रीय उद्यान हवं तर मेळघाटातलं गुगामल, पण तिथे मुक्कामच करावा लागेल. मे महिन्यात मात्र जाऊच नका, पानगळीचं जंगल, सावलीसुद्धा मिळत नाही.