बडोद्यात विद्यापीठाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवून चर्चा ठेवायची आहे. कॉपीराइटची परवानगी लागेल का?

नाही, प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसंच असतील तर लागत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांना ही सूट दिली आहे. मात्र दांडिया बाजारातल्या मित्रमंडळींनाही बोलावलंत की सूट संपली. मग हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या. हॉलसाठी विभागप्रमुखांची सही अर्थातच वेगळी. आणि चर्चा खरोखर व्हायला हवी असेल तर चहा शेवटी ठेवा. आधी दिलात तर निम्मा हॉल कप घेऊन बाहेर जातो तो परत येत नाही. सिनेमा संपल्यावर दोन मिनिटांचा एकच प्रसंग पुन्हा लावा आणि ‘कॅमेरा इथं का थांबला?’ एवढंच विचारा.