पडल्या साडेतीनला, कळवलं साडेदहाला

प्रश्न : आई ७९ वर्षांची, पार्किन्सनची रुग्ण. १४ महिन्यांपासून इंदूरच्याच एका सशुल्क वृद्धाश्रमात आहे. महिना २८,००० रुपये, शिवाय ५०,००० अनामत. माहितीपत्रकात 'चोवीस तास प्रशिक्षित नर्सिंग' छापलेलं आहे. गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीनला कमोडवरून उठवताना ती पडली. मजल्यावर चौदा वृद्ध आणि रात्रपाळीला एकटी आया, जेमतेम एकोणीस वर्षांची, आठ दिवसांपूर्वी कामाला लागलेली. मला फोन आला सकाळी साडेदहाला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. व्यवस्थापक म्हणतात, या वयात पडतातच. आणि दाखल करताना माझी सही घेतलेला कागद पुढे करतात : 'अपघातास संस्था जबाबदार नाही.' काही करता येईल का? त्या पोरीला मात्र पोलिसांत अडकवायचं नाही. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी संस्थेला आजच्या आज पत्र द्या. त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण, ड्यूटी चार्ट, हजेरीपट आणि आईंची फाइल जपून ठेवावी आणि प्रती द्याव्यात, एवढंच लिहा. पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेलही करा. जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पत्र मिळाल्यावरही ते पुसलं गेलं, तर त्याचा जाब संस्थेला द्यावा लागेल.

आता तो सहीचा कागद. त्याला घाबरू नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात पार्किंगसाठी सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली होती. पावतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ साली न्यायालयानं सांगितलं की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशी कागदावर झटकता येणार नाही. निकाल गाडीचा आहे, पण तत्त्व मी तुमच्या आईंसाठी नक्की मांडेन. शिवाय दाखल करायच्या दिवशी, सामान दारात ठेवून, त्या फॉर्ममधलं एक वाक्य तरी बदलून घेणं तुमच्या हातात होतं का?

एक गोष्ट मात्र व्यवस्थापकांची खरी आहे. प्रत्येक पडणं म्हणजे निष्काळजीपणा नाही. उत्तम देखभालीतही पार्किन्सनचा रुग्ण पडू शकतो. म्हणून 'आई पडली' एवढ्यावर तक्रार उभी करू नका. आजार संस्थेला ठाऊक होता, तो फाइलमध्ये लिहिलेला आहे. तरीही तोल जाणाऱ्या बाईंना उठवायला दुसरं माणूस नव्हतं, आणि जी होती तिला उठवायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं, हा तुमचा मुद्दा. बगलेत हात घालून ओढायचं नसतं. आधी पाय नीट टेकवून घ्यायचे, पुढे झुकवायचं, कमरेला आधार द्यायचा, पाय अडकले तर थांबायचं. ही गोष्ट काही तासांत शिकवता येते, आणि संस्थेनं तेवढे तासही दिले नाहीत.

तरी माझ्या मते सगळ्यांत जड मुद्दा पडण्याचा नाहीच, त्यानंतरच्या सात तासांचा आहे. खुबा मोडला की बहुतेक वेळा पाय आखूड दिसतो, बाहेरच्या बाजूला वळतो, माणूस त्यावर भार देऊ शकत नाही. प्रशिक्षित नर्स असती तर तिनं ते पाहून लगेच डॉक्टरांना बोलावलं असतं. त्या सात तासांत आईंना उचलून झोपवलं का, वेदनाशामक गोळी दिली का, कुणाला फोन केला, हे सगळं खणून काढायला हवं. मोडक्या हाडानिशी त्या पहाटेपासून पडून होत्या. वकील म्हणून बरंच वाचावं लागतं, पण तुमच्या पत्रातली ही ओळ मला पुढे जाऊ देईना.

त्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते योग्यच आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनंही शहाणपणाचं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली, निष्काळजीपणानं कुणाला गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. पण पोलिसांत गेलात की पहिलं नाव तिचंच लागेल, कारण हात तिचे होते. मालकाला फौजदारीत ओढायचं तर त्याची स्वतःची चूक सिद्ध करावी लागते, ते अवघड जातं. म्हणून मी ग्राहक आयोगाचा रस्ता सुचवतो. तिथे नोकराच्या चुकीची भरपाई संस्थेकडून मागता येते. सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली म्हटलं की रुग्णानं प्रत्येक डॉक्टर-नर्सला पक्षकार करायची गरज नाही. निष्काळजीपणा झाला नाही हे रुग्णालयानंच दाखवावं. वृद्धाश्रम हे रुग्णालय नव्हे, पण 'नर्सिंग' विकणाऱ्याला हा निकाल चिकटतो. ती मुलगी तुमची साक्षीदारही होऊ शकते. तिच्या मनात असेल तरच बोलू द्या, दबाव आणू नका.

तक्रार जिल्हा आयोगात, इंदूरलाच. मुदत २ वर्षं. मूल्य ठरतं ते तुम्ही दिलेल्या पैशांवर : १४ महिन्यांचे ३,९२,००० आणि अनामत धरली तरी ४,४२,०००. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. ऑपरेशनचा खर्च, पुढची शुश्रूषा, वेदना, अनामत, सगळं मागा. छापील माहितीपत्रक जपा. 'प्रशिक्षित' हा शब्द खोटा ठरला तर ती अनुचित व्यापार प्रथाही आहे. कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं आणि नेमणुकीच्या तारखा हजर करायला आयोग संस्थेला सांगू शकतो.

सोबत दोन अर्ज, हिंदीत. एक जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांना (सीएमएचओ) : ही जागा मध्य प्रदेशच्या १९७३ च्या उपचर्यागृह (म्हणजे नर्सिंग होम) अधिनियमाखाली नोंदलेली आहे का, नसल्यास नर्सिंग कशाच्या आधारावर देतात, याची तपासणी मागा. दुसरा मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा उल्लेख करून. त्यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. पण त्या मजल्यावर अजून तेरा जण आहेत आणि आज रात्रीही तिथे कुणीतरी ड्यूटीवर असेल. आईंना लगेच हलवता येत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला.

अनामत परत देताना ते बहुधा 'कोणतीही तक्रार उरली नाही' असं लिहिलेला कागद पुढे करतील. त्यावर सही करू नका. आणि आईंना बरं वाटेल तेव्हा त्या रात्रीचं त्यांना आठवतं तेवढं, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. पार्किन्सनमुळे हात थरथरत असेल तर अंगठा चालेल.