लहान मुलांना दचकवून, फसवून गंमत करणं वाईट आहे का?

साडेतीन वर्षांच्या मुलाला बाबा दाराआडून 'भॉक' करतात, 'तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतलंय' म्हणून चिडवतात आणि तो रडला की व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतात. यात काही वाईट आहे का, असं तुम्ही विचारलंय. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

भॉक चालेल. दचकल्यावर दोन-चार सेकंदांत मूल हसून 'परत कर' म्हणालं, तर तो खेळ. ओठ काढले, अंग आखडलं किंवा कसंनुसं हसून दुसऱ्या खोलीत निघून गेलं, तर तिथेच थांबायचं. झोपायच्या वेळी आणि बाथरूमच्या दारात नको. एकटं जायची भीती बसली की मूल शू दाबून धरतं आणि मग चड्डी ओली होते. जिन्यावर किंवा तोंडात घास असताना तर अजिबात नको. दचकलं की श्वास जोरात आत ओढला जातो, त्याबरोबर घासही श्वासनलिकेत जाऊ शकतो.

बोहारणीचा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण साडेतीन वर्षांच्या मुलाला तो विनोद म्हणून पोचतच नाही. समोरच्याला ठाऊक असलेलं आणि आपल्याला वाटतं ते वेगळं असू शकतं, ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येते. तोवर बाबा म्हणतील ते खरं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर रांगायला सोडलं होतं. काचेखाली पुढे पायरीएवढी खोली दिसत होती. पलीकडे आईचा चेहरा हसरा असेल तेव्हा १९ पैकी १४ बाळं ओलांडून गेली, घाबरलेला असेल तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. धोका आहे की नाही, हे मूल आपल्या तोंडाकडे बघून ठरवतं. २०२३ मध्ये आई-बाबांनी गंमत म्हणून मुलांच्या कपाळावर अंडं फोडायचे व्हिडिओ आले होते, त्यातही हाच घोळ: मार देणारा आणि ज्याच्याकडे धावायचं तो, माणूस एकच.

व्हिडिओ मला सगळ्यात खटकतो. कॅमेरा सुरू असला की मोठी माणसं जरा जास्तच थांबतात, आणि मुलाला जवळ घ्यायची वेळ नेमकी तीच असते.

फसगत झालीच तर फोन बाजूला ठेवा, खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या आणि सरळ सांगा: 'बाबांनी खोटं सांगितलं. तू आईच्या पोटातून आलास. घाबरलास ना?' 'एवढंसं काय रडतोस' म्हणू नका. मुखवट्याला घाबरला असेल तर मुखवटा त्याच्या हातात द्या, उलटा करून आतली बाजू दाखवा, मग त्याच्यासमोरच चढवा आणि काढा. त्याला घालायचा असेल तर घालू द्या.

गंमत बंद करायची गरज नाही, बाजू बदला. पायमोजा हाताला घालून 'बूट कुठे गेला?' म्हणा, चूक त्याला पकडू द्या. आजीला भॉक करायच्या कटात त्याला घ्या, फक्त आजीला आधी डोळा मारून ठेवा. ती दचकल्याचं सोंग करेल आणि हा दहा वेळा करायला लावेल.

भीती दोन-तीन आठवड्यांनंतरही ओसरली नाही, झोपेतून किंचाळून उठणं किंवा शाळेच्या दारात चिकटून बसणं चालूच राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि काय घडलं होतं तेही सांगा.