फुकट उतरवलेली प्रत म्हणजे बुडालेलं गिऱ्हाईक?

प्रश्न : मित्र आणि मी दीड वर्ष खपून कोड्यांचा एक छोटा गेम केला. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात ३४९ रुपयांना ठेवला. पहिल्या आठवड्यात ६१ प्रती खपल्या, पण चौथ्याच दिवशी टेलिग्रामच्या एका चॅनलवर तो फुकट वाटला जाऊ लागला. मित्र म्हणतो, आयती जाहिरात झाली. मला झोप लागत नाही. फुकट प्रत चालूच नये असं कुलूप गेमला घालावं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी त्या चॅनलवर किती जणांनी गेम उतरवला, तो आकडा बघणं थांबवा. तो गुणिले ३४९ हा हिशोब तुम्ही केला असणारच. मीही माझ्या गेमच्या वेळी केला होता, रात्री दोन वाजता, गॅसच्या बिलामागे.

ग्रीनहार्ट गेम्स ही दोन भावांची कंपनी. २०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ आणताना त्यांनी स्वतःच एक फुकट आवृत्ती टॉरेंटवर, म्हणजे लोक आपसांत फायली वाटतात त्या जाळ्यावर, सोडली. तिच्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी पायरसीपायीच बुडते. पहिल्या दिवशी विकतचे खेळाडू २१४, फुकटे किमान ३,१०४. त्यातलेच काही विचारत होते, गेममध्ये पायरसी रोखायचा उपाय कुठे सापडतो! मी एकटीच खो खो हसले होते.

पण ते ३,१०४ जण खिशात हात घालणार होते का? रिफ्लेक्झिव्ह या कंपनीनं आपल्या ‘रिकोशे’ गेमची कुलपं टप्प्याटप्प्यानं घट्ट केली, तेव्हा २००८ मध्ये त्यांनी मांडलेला अंदाज असा : हजार फुकट प्रती अडवल्या की विक्री वाढते एका प्रतीनं. एका!

तुमच्या मित्राचंही मला पटत नाही. युरोपियन कमिशनसाठी झालेल्या एका पाहणीत फुकट प्रतींमुळे गेम्सची विक्री थोडी वाढल्याचं दिसलं होतं खरं, पण ती एकूण गेम्सची सरासरी. जिल्ह्याच्या पावसावरून आपल्या विहिरीचं पाणी सांगता येत नाही. फुकट खेळलेला मुलगा मित्राला गेमचं नाव सांगत नाही, लिंकच पुढे ढकलतो.

माझं नुकसान झालं ते निराळ्याच ठिकाणी. एका मुलाचा मेल आला, ‘ताई, सातव्या लेव्हलला दार उघडत नाही.’ दोन रात्री कोड उकरला, काही सापडेना. शेवटी स्क्रीनशॉट मागवला. कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा, १.०.२. ते दार आम्ही १.०.४ मध्येच दुरुस्त केलं होतं! त्याची प्रत फुकट उतरवलेली, म्हणून जुनीच राहिलेली. ‘हॉटलाइन मायामी’ २०१२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या स्वीडिश निर्मात्यानं पायरेट बे या टॉरेंटच्या साइटवर जाऊन फुकट्यांनाच मदत केली होती. बिघडलेली प्रत खेळून कुणी गेमला नावं ठेवू नयेत, म्हणून.

तेव्हा कुलपावर महिना घालवू नका. ते कुणीतरी फोडणारच, आणि जाच होईल तो पैसे मोजणाऱ्या ६१ जणांना. चॅनल बंद करण्याची तक्रार टेलिग्रामकडे एकदा करून टाका आणि विसरा. आवृत्तीचा आकडा पहिल्याच स्क्रीनवर ठळक छापा. अर्ध्या तासाचा मोफत डेमो ठेवा. स्टीमवर दोन तासांहून कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, पण आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक असतं? आणि झोप उडवायचीच असेल, तर स्टीम दर प्रतीमागे ३० टक्के कापतं, त्याचा हिशोब मांडा.

एक राहिलं. पत्रात गेमचं नावच लिहिलं नाहीत. कळवा, बासष्टावी प्रत माझी.