मलेरिया नाही, मग ही गोळी कशाला?

प्रश्न : माझं वय ३६. दोन वर्षांपूर्वी डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली. बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी केली, तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. निदान अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आजार. गुठळी रोखणारी वॉरफॅरिन चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये असतो. आता डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडली. ती तर मलेरियाची गोळी! रक्त पातळ झालेलंच आहे, मग ही कशाला? आणि ही घेतली तर वॉरफॅरिन सोडता येईल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, सोडू नका.

वॉरफॅरिनने रक्त पातळ होत नाही. आम्ही डॉक्टरच तसं बोलतो आणि मग हे गोंधळ होतात. गुठळीला लागणारी काही प्रथिनं यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीने बनवतं. या गोळीमुळे ती अर्धीकच्ची राहतात, इतकंच. गुठळीला चिथावणी कोण देतंय, याच्याशी वॉरफॅरिनला देणंघेणं नाही.

चिथावणी देतात तुमच्याच अँटिबॉडी. बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाच्या घरच्याच प्रथिनाला त्या चिकटतात आणि पेशींना डिवचत सुटतात. प्लेटलेट चिकट होतात. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात, आणि गुठळीची पहिली ठिणगी तीच. न्यूट्रोफिलची तऱ्हा तर न्यारीच. मी शिकत होते तेव्हा न्यूट्रोफिल म्हणजे जंतू गिळणारी पेशी, एवढंच पाठ केलं होतं. पुढे २००४ मध्ये कळलं, की ती स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळंही टाकते. तुमच्या आजारात जंतू नसतानाच जाळी पडतात, त्यांत प्लेटलेट अडकतात आणि गुठळीला आयता सांगाडा मिळतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं काम इथे. पेशींच्या आतल्या आम्लाच्या पिशव्यांत ती साठते, आम्लता कमी करते, आणि धोक्याची घंटा बडवणारे काही रिसेप्टर (संदेश टिपणारी प्रथिनं) मंदावतात. प्लेटलेटचा उतावीळपणाही थोडा उतरतो. गुण यायला मात्र काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक शोधू नका. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) हिचा अनुभव जुना आहे, नुसत्या या सिंड्रोममध्ये पुरावा अजून तोकडा. म्हणून ती वॉरफॅरिनच्या जोडीला द्यायची, जागी नाही. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

‘आयएनआरची कटकट नसलेली नवी गोळी घे’ असं कुणी ना कुणी सुचवेलच. रिव्हारॉक्साबॅन ही त्यातलीच एक. तिन्ही अँटिबॉडी असलेल्या रुग्णांत तिची वॉरफॅरिनशी तुलना झाली होती. रिव्हारॉक्साबॅनवाल्यांना गुठळीमुळे येणारे मेंदूचे आणि हृदयाचे झटके जास्त आले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. निकाल २०१८ मध्ये छापून आला. तुम्ही नेमक्या त्याच गटातल्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी वय पाहून लिहिते : मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. वॉरफॅरिन गर्भाला घातक असते. तिच्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शनं आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. मलेरियाची म्हणून तुम्ही जिच्यावर रुसलात, ती गोळी मात्र तेव्हाही चालू ठेवता येते.